लेखनाच्या कोर्सनंतर आपल्यात काय बदललं, हे कसं लिहायचं?

पऱ्हाटी:
नमस्कार. वर्षभर इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घर कॉलेजपासून १४ किलोमीटर, सकाळची एसटी ६.४० ची. या सत्रात आम्हाला २ क्रेडिटचा लेखनाचा कोर्स होता, म्हणजे ३० तास. १३ जणांनी नाव घातलं, कापूस वेचणी सुरू झाल्यावर ९ उरलो. सहा लेख लिहिले, प्रत्येकाचे दोन-तीन कच्चे खर्डे, सगळे फाईलला लावून ठेवायचे. आता शेवटचं काम राहिलंय, चार पानांचं टिपण. विषय 'या कोर्समध्ये लिहिणारी म्हणून माझ्यात काय बदल झाला'. ५० पैकी १० गुण त्याला आहेत. सोमवारी द्यायचंय.

काल रात्री लिहायला बसले. 'माझी शब्दसंपत्ती वाढली. माझा आत्मविश्वास वाढला. माझी निरीक्षणशक्ती वाढली.' एवढं झालं आणि थांबले. हे आमच्या नऊ जणांपैकी कोणाच्याही वहीत चालेल. माझं असं त्यात काहीच नाही.

जे आठवतं ते सांगते. पहिला लेख 'माझी आई' या विषयावर होता. त्यात मी 'काळ्या आईची लेक', 'बळीराजाची सावली', 'आसवांनी भिजलेली माती' असं सगळं घातलं होतं. मॅडमनी गुण दिले नाहीत. समासात एकच प्रश्न लिहिला, 'तुमची आई शेताला काय म्हणते?' घरी येऊन तो लेख मी मायला वाचून दाखवला. ती ढोरांसाठी ढेप भिजवत होती. ऐकून म्हणाली, "हे कोनावर लिवलं वं? वावरात रडाले टाइम कुठं भेटते?"

सहावा लेख वेचणीच्या एका दिवसावर होता. तोही तिला वाचून दाखवला. मधेच तिनं हात वर केला. "तिसऱ्या तासावर नाई. तुही काकू चौथ्या तासावर होती. तिसऱ्यावर मी होती." (तास म्हणजे वावरातली कपाशीची ओळ.)

यात काहीतरी बदल आहे असं मला वाटतं, पण तो चार पानांत कसा मांडायचा ते कळत नाही. तुमच्यापैकी कोणी असा कोर्स केला असेल, शिकवला असेल, किंवा कोर्स न करता लिहायला शिकला असाल, तर तुम्हाला कशावरून कळलं की आपण आता वेगळं लिहितोय?

आंबिया_बहार:
वाचतोय. तो वेचणीचा लेख आधी इथे टाका.

पोट्टा_नंबर_१:
आमच्याकडे दोनच पानं होती. अक्षर मोठं काढ, समास सोड, अर्धं काम तिथंच होते. :)

आता खरं सांगतो. आमच्या वर्गात निम्म्या पोट्ट्यांनी मोबाईलवर एआयला सांगितलं आणि पाच मिनिटांत टिपण तयार. प्रत्येकाच्या टिपणात 'हा प्रवास माझ्यासाठी अविस्मरणीय ठरला' हे वाक्य. सरांनी ती टिपणं वर्गात एकामागून एक मोठ्यानं वाचली. रागावले नाहीत, काही बोलले नाहीत, नुसती वाचली. चौथ्याला आम्ही हसायला लागलो. सातव्याला कोणी हसत नव्हतं. माझं आठवं होतं. मी उठून म्हटलं, सर, माझं वाचू नका, उद्या दुसरं आणतो. ते दुसरं मी खरंच स्वतः लिहिलं, दीड पान भरलं, पण माझं होतं.

खारपाणपट्टा:
मी थोडा विरोधात बोलणार आहे, पऱ्हाटीताई, रागावू नका.

गुण लावून 'तू वाढलास का' असं विचारलं की प्रत्येक जण वाढलो असंच लिहिणार. 'माझं लिहिणं बिघडलं' असं लिहायची हिंमत २० वर्षांच्या मुलाला कुठून यायची? आणि बिघडतंही. मी अकोल्याकडचा, नोकरी पाटबंधाऱ्यातली, कथा लिहितो. काही वर्षांपूर्वी एका शहरात आठ दिवसांच्या शिबिराला गेलो होतो. तिथे इतके नियम कानावर पडले की परत आल्यावर दोन वर्षं मला एक पान सलग लिहिता आलं नाही. वाक्य लिहायच्या आधीच ते चूक वाटायचं. शिबिराच्या शेवटी मात्र मी अभिप्रायाच्या कागदावर 'खूप शिकायला मिळालं' लिहून आलो होतो. तो कागद आजही मला खुपतो.

माणूस लिहायला शिकतो तो वाचून आणि जगून. ३० तासांत काय होणार?

चाळिशीतली_विद्यार्थिनी:
खारपाणपट्टा, ३० तासांत माझं झालं आहे, म्हणून लिहिते.

माझं लग्न बारावीनंतर झालं. मुलगी दहावीत गेली तेव्हा मी मुक्त विद्यापीठातून बीए करायला घेतलं. नाशिकचं ते विद्यापीठ १९८९ सालचं, म्हणजे मी शाळेत जाण्याच्या वयाची होते तेव्हा सुरू झालेलं, आणि मला ते माझ्याच वयाच्या बायांसाठी काढल्यासारखं वाटतं. अभ्यासकेंद्र ४० किलोमीटरवर, वर्ग रविवारी. तिथे एका बाईंनी आम्हाला लेखनाचा स्वाध्याय दिला होता, 'घरातली एक घटना'.

२०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली, ते सगळ्यांना ठाऊक आहे. माझा दीर त्यात होता, तो वाचला. मी तो स्वाध्याय बातमीसारखा लिहिला. शासन, कंपन्या, दलाल, शेतकऱ्याची व्यथा. बाईंनी विचारलं, त्या आठवड्यात तुम्ही स्वतः काय करत होता? मी म्हटलं, मी काय करणार, मी त्याचे कपडे धूत होते. तीन वेळा धुतले तरी वास जात नव्हता, शेवटी विहिरीपासून लांब नेऊन जाळले. बाई म्हणाल्या, हे लिहा.

मला तोपर्यंत वाटायचं कपडे धुणं हे लिहिण्यासारखं नसतं. लिहिण्यासारखं म्हणजे पेपरात येतं ते. माझ्यात बदल झाला तो हाच, आणि तो एका रविवारी दुपारी झाला. तारीख सांगू शकेन.

वर्धाकाठ:
पोरी, तुझं टिपण तू धाग्यातच लिहून बसली आहेस. मी एकतीस वर्षं तालुक्याच्या कॉलेजात मराठी शिकवलं, त्यामुळे जरा लांबण लावतो.

पहिल्या लेखावर आई म्हणाली, हे कोणावर लिहिलं. तिला त्यात ती दिसली नाही. सहाव्यावर तिनं तास दुरुस्त केला. माणूस दुरुस्ती कधी करतो? आपली गोष्ट चालली आहे असं वाटलं तरच. परक्याच्या आहेराच्या यादीतल्या चुका कोणी काढत बसत नाही. या दोन बोलण्यांच्या मधे तुझे ३० तास आहेत. त्यात काय काय घडलं ते शोध.

कच्चे खर्डे फाईलला आहेत ना? ते सगळे जमिनीवर ओळीनं मांड आणि नुसत्या खोडलेल्या जागा वाच. काय खोडलं, कोणी खोडायला लावलं, आणि कुठल्या लेखापासून तू आपणहून खोडायला लागलीस. मी मुलांना हेच करायला लावायचो. एका मुलानं आपल्या लेखांतले 'अतिशय' आणि 'खूप' मोजले होते. पहिल्यात २३, शेवटच्यात २. टिपणात त्यानं तेवढंच लिहिलं, आणि उरलेले दोन का ठेवले याची कारणं दिली. मी पूर्ण गुण दिले.

आपल्याच भागातलं एक सांगतो. मराठी गद्यातला पहिला मोठा ग्रंथ, लीळाचरित्र, तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात तयार झाला. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी, ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या. तुझी माय 'तिसरा नाई, चौथा' म्हणाली तेव्हा तुमच्या ओसरीवर तेच काम चाललं होतं. तास चुकला तर वेचणारी बाई पुढचं का खरं मानेल? त्या रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे. एकदा जाऊन ये.

खारपाणपट्टा, तुमच्या शिबिराबद्दल वाईट वाटलं. पण ते आठ दिवस होते, आणि मला वाटतं तिथे तुमचं लिहिलेलं कोणी परत परत वाचलं नसावं. सत्रभर एकच माणूस तुमचे खर्डे वाचत राहिला की वेगळं होतं.

पऱ्हाटी:
सर, खूप धन्यवाद. रात्री मांडून पाहते. चाळिशीतली ताई, तुमचं वाचून पुढचं काही सुचेना.

खारपाणपट्टा:
@वर्धाकाठ: बरोबर. कोणीच वाचलं नव्हतं. ४० जण होतो, प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटं आली.

@चाळिशीतली: माझं '३० तासांत काय होणार' मागे घेतो. गुणांबद्दलचं नाही घेत.

सांबारवडी:
मी काटोलची. पुण्यात एका कोर्सला होते. पहिल्याच लेखात लिहिलं, 'आजीनं वरून मूठभर सांबार टाकला.' वर्गात सगळ्यांना वाटलं आजीनं पिठल्यावर इडलीचं सांबार ओतलं. मूठभर कसं ओतलं, हा प्रश्न एकालाही पडला नाही!

मी घाबरून पुढच्या सगळ्या लेखांत 'कोथिंबीर' लिहायला लागले. मग 'वावर'चं 'शेत' झालं, 'टोंगळा'चा 'गुडघा' झाला, 'पोट्टी'ची 'मुलगी' झाली. लेख स्वच्छ झाले आणि माझी आजी त्यांतून निघून गेली. सत्राच्या शेवटी मी तोच पहिला लेख पुन्हा लिहिला. 'आजीनं परसातून सांबार खुडून आणला, देठांसकट चिरला आणि मूठभर वरून भुरभुरला.' या वेळी कोणी काही विचारलं नाही. शब्द माझाच होता, वाचणाऱ्याला कळेल अशी जागा त्याला करून दिली होती. पऱ्हाटी, तुझ्या टिपणात असं एखादं शब्दाचं जाणं-येणं असेल तर ते नक्की घाल.

पोट्टा_नंबर_१:
सांबाराला कोथिंबीर म्हणनाऱ्याले आमच्या गावात पाव्हना समजून चहा पाजतात.

मुठेकाठी:
मी पुण्याचा, बुलढाण्याकडची चिखली माझी सासुरवाडी, त्यामुळे सांबार मला आता कळतो.

तरी एक मत मांडतो. बोली जपायला हवी, पण शिकण्याच्या वयात प्रमाण मराठीवर पकड यायला हवी. नाहीतर मुलं चुकीला बोली म्हणून मोकळी होतात. मी परीक्षक म्हणून उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. ऱ्हस्व-दीर्घ नाही, विरामचिन्ह नाही, वाक्य कुठे संपतं ते कळत नाही, आणि विचारलं तर 'आमच्याकडे असंच बोलतात'. लेखक म्हणून वाढ झाली हे सांगताना शुद्धलेखन सुधारलं का, हाही प्रश्न विचारायला हवा. या धाग्यावर तो अजून कोणी विचारला नाही.

वर्धाकाठ:
रास्त प्रश्न आहे. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली आले, १४. १९७२ साली त्यांत ४ वाढले. ते १८ नियम सत्रभरात शिकवून होतात, मी दरवर्षी शिकवायचो. पण ते नियम लिहिणाऱ्याच्या निवेदनासाठी आहेत. पात्राच्या तोंडी बोली आली तर ती बोलीसारखीच लिहायची, त्याला आडकाठी नाही. उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० साली आली, तिच्यातली माणसं वऱ्हाडी बोलतात. बोली लिहायला प्रमाणापेक्षा जास्त काटेकोर कान लागतो. 'डोळा' एका ओळीत 'डोया' आणि पुढच्या ओळीत 'डोळा' असं झालं की माझ्यासारखा वऱ्हाडी वाचक तिथेच अडतो.

मुठेकाठी:
हे पटलं. काटेकोरपणा दोन्हीकडे हवा, एवढंच म्हणायचं होतं.

मेळघाटातून:
तुमची ही चर्चा वाचताना माझ्या वर्गातली मुलं डोळ्यासमोर येत होती. मी धारणी तालुक्यात आश्रमशाळेवर शिकवते. माझ्या मुलांच्या घरी कोरकू बोलतात. वऱ्हाडी आणि पुणेरी निदान एका घरातल्या आहेत. कोरकू मुंडा कुळातली, मराठीशी तिचं रक्ताचं नातं नाही. ही मुलं मराठीत 'माझी आई' लिहितात तेव्हा ती आईला दुसऱ्याच भाषेत बोलायला लावत असतात.

बीएडच्या वर्षी आम्हालाही असं आत्मपरीक्षणाचं टिपण होतं. मी त्यात काय लिहिलं आठवत नाही, म्हणजे ते गुणांपुरतंच असणार. पण लेखनाबद्दल मी खरी शिकले ती इथे. नववीतल्या एका मुलानं लिहिलं होतं, 'पाऊस आला. माय पाहत होती. मी पाहत होतो. रस्ता गेला.' लाल पेन हातात होता. 'पाहत' दोनदा आलंय, वाक्यं तुटक आहेत, 'रस्ता वाहून गेला' असं हवं. पेन टेकवला आणि उचलला. त्यांच्या पाड्याचा रस्ता दर पावसाळ्यात जातो. 'गेला' एवढंच ते म्हणतात, माणूस गेला म्हणावं तसं. ते वाक्य मी तसंच फळ्यावर लिहिलं.

स्वतः लिहिताना मी त्या दिवसापासून जोडवाक्यं कमी केली. माझी वाढ त्या मुलाच्या वहीतून झाली, हे कुठल्या टिपणात बसवायचं मला माहीत नाही.

चाळिशीतली_विद्यार्थिनी:
'रस्ता गेला.' ताई, हे मी आज दिवसभर घेऊन फिरणार.

झाडीचा_गडी:
राम राम मंडळी. मी वडशाकडचा, झाडीपट्टीच्या रंगभूमीवर नाटकं लिहितो, वेळ पडली तर तोंडाला रंगही लावतो. कॉलेजचं लेखन माझ्या वाट्याला आलं नाही, माझा कोर्स मंडपात झाला.

आमच्याकडे धान निघालं, मंडई म्हणजे गावची जत्रा लागली की नाटकं सुरू होतात ती होळीपर्यंत. रात्री दहाला पडदा, पहाटेपर्यंत खेळ. लोक पोराबाळांसह, पोती-चादरी घेऊन बसतात. थंडी मरणाची. पहाटे तीनला माणूस जागेवरून उठला तर समजायचं की लेखकानं पान जास्त लिहिलं. मी पहिल्या नाटकात बापाच्या तोंडी दोन पानी भाषण घातलं होतं. पहिल्या खेळाला शेकोटीकडे लोक निघाले ते मी विंगेतून पाहिलं. दुसऱ्या गावी एक पान. तिसऱ्या गावी चार ओळी. पाचव्या गावी बाप नुसता पागोटं काढून खुंटीला लावतो आणि बसतो. तिथे बाया रडल्या.

सांगायचं असं की माझे खर्डे कागदावर नाहीत, गावागावांत पडले आहेत. पऱ्हाटीकडे फाईल आहे, तिनं ती जपावी.

आंबिया_बहार:
वा गडी! पागोट्याची गोष्ट फार आवडली.

माझं लेखन म्हणजे संत्र्याच्या बागेच्या नोंदी आणि अधूनमधून एखादी कविता, त्यामुळे बागेचंच सांगतो. वरुडकडे आंबिया बहार धरायचा तर डिसेंबर-जानेवारीत झाडाचं पाणी तोडतात, त्याला आम्ही ताण देणं म्हणतो. पानं मलूल होतात, नवीन माणसाला वाटतं झाड गेलं. मग पाणी सोडलं की फूल येतं. ताण कमी पडला तर पालवीच फुटते, जास्त झाला तर झाड बसतं. मी कविता लिहिली की महिनाभर वहीत तशीच ठेवतो, बघत नाही. आधी लगेच व्हॉट्सॲपवर टाकायचो. आता महिन्यानं उघडतो तेव्हा कुठली ओळ वाळली ते दिसतं. खारपाणपट्टा, तुमच्या त्या दोन वर्षांना मी ताणच म्हणेन. नंतर लिहिलंत ना?

खारपाणपट्टा:
लिहिलं. आधीपेक्षा कमी, पण जे लिहिलं ते ठेवावंसं वाटलं. दोन वर्षांचा ताण जरा जास्तच झाला, भाऊ.

निळी_शाई:
या ताणाच्या नोंदी ठेवता का, की कुठल्या वर्षी पाणी कधी तोडलं? आमची मोसंबी आहे.

आंबिया_बहार:
ठेवतो. वेगळा धागा काढा, तिथे सांगतो. इथे पऱ्हाटीचा सोमवार जवळ आलाय.

पऱ्हाटी:
सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. काल रात्री लाईट आल्यावर खर्डे जमिनीवर मांडले. एकूण १५ निघाले.

जे दिसलं ते मला वाटलं होतं तसं नाही. पहिल्यापासून सहाव्यापर्यंत चढत गेलेलं असेल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात तिसरा आणि चौथा लेख सगळ्यात वाईट आहेत. मॅडमच्या त्या एका प्रश्नानंतर मी इतकी धास्तावले की सगळी विशेषणंच काढून टाकली. चौथा लेख आमच्या गावच्या 'ड' वर्गाच्या वाचनालयावर आहे. त्यात कपाटं किती, पुस्तकं किती, कुलूप कधी उघडतं, एवढंच आहे. त्या वाचनालयात मी सातवीपासून जाते, खिडकीत बसून वाचते, त्याचा एक शब्द नाही. तो एखाद्या अहवालासारखा झालाय.

अजून एक दिसलं. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला ९२वं साहित्य संमेलन झालं, त्याचं उद्घाटन आमच्याच जिल्ह्यातल्या एका शेतकरी विधवेच्या हातून झालं. मी तेव्हा सातवीत होते. बाबांच्या मोबाईलवर तिला बोलताना पाहिलं होतं. आपल्यासारखी बाई त्या मंचावर उभी राहते, हे मला फार मोठं वाटलं होतं. तरी सहा-सात वर्षांनी मी लिहायला बसले तर कुठले शब्द आले? बळीराजा, आसवं, काळी आई. आमच्या घरात हे शब्द कोणी बोलत नाही. ते मी बातम्यांतून आणि भाषणांतून उचलले. माझ्या मायवर लिहिताना मी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं.

पाचव्या लेखाच्या दुसऱ्या खर्ड्यात मी पहिल्यांदा आपणहून एक वाक्य खोडलं आहे. 'तिच्या कष्टाला सीमा नव्हती.' त्याच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलंय, 'किती वाजता उठली?'

आता प्रश्न असा, की तिसरा-चौथा लेख बिघडले हे टिपणात लिहावं का? गुण जातील का?

वर्धाकाठ:
लिही. चौथ्यावर एक पूर्ण पान लिही.

खारपाणपट्टा:
पहिल्या प्रतिसादात मी म्हटलं होतं की बिघडलं असं लिहायची हिंमत कोणाला असणार. तुमच्यात आहे. मी हरलो असं समजा, आणि मला आनंद आहे. गुण गेले तर मला सांगा, तुमच्या मॅडमना मी पत्र लिहीन.

मुठेकाठी:
गुण जाणार नाहीत. परीक्षक म्हणून सांगतो, नऊ वह्यांत अशी एक वही आली तर आपण खुर्ची पुढे ओढून वाचतो.

सांबारवडी:
'किती वाजता उठली?' यावरूनच टिपण सुरू कर.

पोट्टा_नंबर_१:
माझ्या दीड पानाला १० पैकी ७ मिळाले होते, आठवण म्हणून सांगतो. तुले नऊ पक्के.

मेळघाटातून:
वाचनालयावरचा लेखही टाकून देऊ नकोस गं. सुट्टीत पुन्हा लिही, खिडकीसकट.

पऱ्हाटी:
दिलं. आज सकाळी. साडेचार पानं झाली, मॅडमनी पाहिलं आणि ठेवून घेतलं. 'किती वाजता उठली?' इथूनच सुरुवात केली. चौथ्या लेखावर सव्वा पान लिहिलं. कोरकू मुलाच्या वहीतून शिकलेल्या ताईंसारखंच मलाही एक लिहावं लागलं, की माझ्या सहाव्या लेखाची शेवटची दुरुस्ती मायनं केली आहे, आणि तिचं नाव फाईलवर नाही. मग मी फाईलच्या पहिल्या पानावर खाली तिचं नाव लिहिलं. चालतं की नाही माहीत नाही, पण लिहिलं.

आंबिया_बहार:
छानच. पण लेख? पहिल्याच प्रतिसादात मागितला होता.

पऱ्हाटी:
काका, विसरले नव्हते. सगळा मोठा आहे, मधला भाग टाकते.

'दव उतरेपर्यंत माय बांधावर बसून राहिली. ओला कापूस वेचला तर मालक वजनात कापतो. ऊन पायावर आलं तशी ती उठली, कमरेला जुन्या लुगड्याचं फडकं बांधलं आणि तिसरा तास धरला. काकूनं चौथा. वाळल्या बोंडांच्या टोकांनी मायच्या बोटांवर रेघा उठतात. त्या दिवाळीत उठतात आणि संक्रांतीपर्यंत राहतात. माय बोलत नव्हती. काकू बोलत होती, नातवाच्या बारशाबद्दल, पाळणा कोणाकडून आणायचा त्याबद्दल, आणि दोघींचे हात सारखेच चालत होते. तासाच्या शेवटाला पोचल्या की दोघी एकदमच वळायच्या, कोणी कोणासाठी थांबल्यासारखं न दाखवता. सांजीले काट्यावर मायचा कापूस ३८ किलो भरला, काकूचा ३६. काकू म्हणाली, "तुह्या तासाले बोंडं जास्त होती." माय म्हणाली, "मंग उद्या तू धर तिसरा."'

झाडीचा_गडी:
"मंग उद्या तू धर तिसरा." इथे मी पडदा पाडला असता.

मुठेकाठी:
'तास' म्हणजे काय ते तुम्ही वर सांगितलं नसतं तरी तिसऱ्या ओळीपर्यंत कळलं असतं.

चाळिशीतली_विद्यार्थिनी:
न थांबल्यासारखं दाखवून थांबणं मी माझ्या जावेबरोबर रोज करते. कोणी लिहिलेलं आज पहिल्यांदा वाचलं.

पऱ्हाटी:
दुरुस्ती: ३८ नाही, ४१ किलो. माय बाजूला बसून ऐकत होती. काकूचे ३६ बरोबर आहेत म्हणते. उद्या मॅडमकडून फाईल मागून घेऊन तिथेही बदलते.